हेपॅटायटिसची ट्रीटमेंट सुरू झालीये आणि मन थाऱ्यावर नाही? नवीन पेशंटसाठी एकेक पायरी

रिपोर्ट हातात पडला की सगळे लिव्हरबद्दलच बोलतात, व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती) किती, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) किती, सोनोग्राफीत काय दिसलं. रात्री झोप लागते का हे कुणी विचारत नाही. मला तरी कुणी विचारलं नव्हतं. इंटरफेरॉनची (व्हायरसशी लढायचं एक जुनं औषध) इंजेक्शनं सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील, एका संध्याकाळी पेनाचं टोपण सापडेना म्हणून मी रडलो, म्हणजे अक्षरशः हमसून हमसून, आणि घरातले सगळे नुसते बघत राहिले कारण त्यांनाही कळेना याला काय झालंय आणि मलाही कळेना. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी विचारलं, काय कसं काय, मी म्हटलं ठीक आहे. ही सगळ्यात मोठी चूक, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

तर हे नवीन लोकांसाठी. मी डॉक्टर नाही, हेपॅटायटिस सी चा पेशंट होतो (होतो म्हणायला मिळतं यावर अजूनही मधूनच विश्वास बसत नाही). हे वाचून औषध बंद करायचं नाही, कमी करायचं नाही, सुरूही करायचं नाही. फक्त डॉक्टरांसमोर बसल्यावर काय बोलायचं ते ठरवायचं.

पायरी १ : आपला हेपॅटायटिस कोणता आणि औषध कोणतं, हे पाठ करा

हसू नका, बऱ्याच लोकांना हे नीट माहीत नसतं. "लिव्हरला सूज आहे, गोळ्या चालू आहेत" एवढंच. पण मनावर काय परिणाम होणार हे बरंचसं यावरच ठरतं.

हेपॅटायटिस सी असेल तर हल्ली बहुतेकांना फक्त गोळ्या असतात, सोफोसबुव्हिर आणि तिच्यासोबत व्हेलपाटासव्हिर किंवा डॅक्लाटासव्हिर वगैरे, साधारण ८ ते १२ आठवडे, काहींना जास्त. १०० पैकी ९५च्या वर लोक बरे होतात. डोकं दुखणं, थकवा, झोप थोडी बिघडणं असं होतं काहींना, पण मन पार कोलमडलं असं या गोळ्यांमुळे सहसा होत नाही. आता गंमत अशी की तुम्ही रात्री दोन वाजता नेटवर शोधायला बसता आणि तुम्हाला भयानक अनुभव सापडतात, डिप्रेशन, केस गळणं, वर्षभर अंथरूण, ते वाचून गोळी सुरू व्हायच्या आधीच माणूस अर्धा होतो. ते अनुभव खोटे नाहीत पण ते जुने आहेत, इंटरफेरॉनच्या काळातले. सोफोसबुव्हिरला अमेरिकेत मंजुरी मिळाली डिसेंबर २०१३ मध्ये, त्याच्या आधी लिहिलेलं काहीही वाचत असाल तर तारीख बघा आणि सोडून द्या. सोबत रिबाव्हिरिन दिलं असेल तर मात्र लक्ष ठेवा, त्याने हिमोग्लोबिन खाली येतं, दम लागतो, चिडचिड होते, झोप उडते, आणि माणसाला वाटतं आपलाच स्वभाव बिघडला.

हेपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, रोज एक गोळी. यांचाही मनावर थेट परिणाम फारसा नसतो. इथे त्रास वेगळा आहे, ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते कारण व्हायरस लिव्हरच्या पेशींमध्ये दडून राहतो, गोळी त्याला दाबून ठेवते, हाकलून देत नाही. त्यामुळे "कधी संपणार" या प्रश्नाला तारीख नसते आणि तेच मनाला कुरतडतं.

इंटरफेरॉन आजही पूर्ण गेलेलं नाही, बी आणि डी मध्ये काही पेशंटना देतात, बी मध्ये साधारण ४८ आठवडे, आठवड्याला एक इंजेक्शन. ते असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे असं समजा. आणि ऑटोइम्यून हेपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो) असेल तर प्रेडनिसोलोन असतं, या स्टेरॉइडने सुरुवातीला माणूस एकदम तरतरीत, रात्रभर जागा, तोंडाची टकळी बंद नाही, आणि मग डोस वरखाली झाला की मूड धाडकन खाली. झोपेसाठी ते सकाळी घेता येईल का विचारा आणि मनाने कधीच एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

पायरी २ : हे मन आहे, औषध आहे की लिव्हर आहे, हे वेगळं काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो.

मन खराब व्हायला या आजारात निदान चार दारं आहेत आणि बाहेरून चारही सारखीच दिसतात. एक म्हणजे बातमीचा धक्का, भीती, लाज, पैशाची काळजी, हे कुणालाही होईल. दुसरं आजार स्वतः, हेपॅटायटिस सी मध्ये तर थकवा आणि डोक्यात धुकं बसल्यासारखं वाटणं हे औषधाच्या आधीपासूनच असतं, लोक वर्षानुवर्षं त्याला आळस म्हणत राहतात. तिसरं औषध. चौथं लिव्हर इतकं थकलंय की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते.

चौथं आधी सांगतो कारण त्यात वेळ घालवायचा नसतो. लिव्हर सिऱ्होसिसपर्यंत (व्रण पडून कडक होण्यापर्यंत) गेलेलं असेल तर हिपॅटिक एन्सेफॅलोपथी नावाचा प्रकार होऊ शकतो, अमोनिया वगैरे जे लिव्हरने साफ करायचं ते मेंदूत पोचतं. त्याची सुरुवात अगदी उदास माणसासारखी दिसते. दिवसा झोप, रात्री टक्क जागा, बोलणं हळू, विसरभोळेपणा, कशात लक्ष नाही, स्वभाव बदललेला. ओपीडीत माझ्या शेजारी नेहमी एक काका बसायचे, त्यांच्या घरच्यांना दोन आठवडे वाटत होतं की काकांनी हाय खाल्लीये, धीर देत होते बिचारे, आणि मग एक दिवस काकांना चेकवर सही करता येईना. तेव्हा कुठे कळलं. तर घरच्यांनी बघायचं ते हे, अक्षर बदललंय का, दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वाकवून धरले की पंजे मधूनमधून फडफडतात का, वार तारीख चुकते का. यातलं काही दिसलं तर समजूत घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, पोटात रक्तस्राव, आणि झोपेच्या गोळ्या, यांनी हे उफाळून येतं. म्हणूनच सिऱ्होसिसवाल्याने "जरा झोप लागत नाहीये" म्हणून कुणाकडची तरी झोपेची गोळी मागून घेणं म्हणजे आगीशी खेळ आहे. वेळेवर कळलं तर लॅक्ट्युलोजसारख्या साध्या औषधानेही बऱ्याच जणांचं डोकं पुन्हा ताळ्यावर येतं.

आता औषधाचं दार. इंटरफेरॉन ही काही बाहेरची गोष्ट नाही, व्हायरल ताप आला की आपलं शरीर स्वतःच ते बनवतं, आणि तापात आपल्याला जे होतं ना, कुणाशी बोलू नये, पडून राहावं, सगळं नकोसं, त्यात या इंटरफेरॉनचा मोठा वाटा असतो. तेच तुम्ही दर आठवड्याला सुईने आत सोडताय, महिनोन्महिने. वर ते शरीरातलं ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेला लावतं, ज्यापासून सेरोटोनिन, म्हणजे मूड सांभाळणारं मेंदूतलं रसायन, तयार होतं ते. म्हणजे कच्चा मालच कमी. हे मला खूप उशिरा समजलं आणि समजल्यावर निम्मं ओझं उतरलं कारण तोपर्यंत मी स्वतःला नेभळट समजत होतो. जुन्या इंटरफेरॉन ट्रीटमेंटमध्ये साधारण चौघात एकाला, काही ठिकाणी तिघात एकाला डिप्रेशन यायचं, म्हणजे हा काही क्वचितचा साइड इफेक्ट नव्हे.

आणि एक, इंटरफेरॉनने थायरॉइडही बिघडू शकतो. थायरॉइड कमी झाला की माणूस सुस्त, उदास, जास्त झाला की धडधड आणि घाबरल्यासारखं. म्हणून मन बिघडलंय असं वाटलं की डॉक्टरांना विचारा, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलं होतं. साधी रक्ताची तपासणी आहे.

पायरी ३ : जुनं काही असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका

आधी कधी डिप्रेशन झालं होतं, पॅनिक अटॅक, दारू किंवा नशा, कधी जीव द्यायचा विचार आला होता, घरात कुणाला मानसिक आजार आहे, हे सगळं. लोक लपवतात, भीती अशी की सांगितलं तर ट्रीटमेंटच देणार नाहीत. इंटरफेरॉनच्या काळात खरंच काहींना थांबवायचे, पण सी च्या गोळ्यांना आता मानसिक आजार हा अडथळा धरत नाहीत. उलट लपवलं तर दोन औषधं एकमेकांत अडकतात. आकडीसाठी किंवा मूडसाठी दिलेलं कार्बामाझेपिन, तसंच फेनिटॉइन, हे सी च्या गोळ्यांचा असर पार खाली आणतात. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची जी वनस्पती "नैसर्गिक" म्हणून उदासीसाठी विकतात तीसुद्धा. नैसर्गिक आहे म्हणून सांगायची गरज नाही असं बऱ्याच जणांना वाटतं आणि तिथेच गोची होते. लिव्हरपूल युनिव्हर्सिटीची हेपॅटायटिसच्या औषधांची एक वेबसाइट आहे, दोन औषधांची नावं टाकली की जमतात की नाही ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात सांगते, डॉक्टरही ती वापरतात. पण त्यावरून निर्णय आपण घ्यायचा नाही, प्रिंट काढा आणि विचारा.

सायकियाट्रिस्टची औषधं आधीपासून चालू असतील तर ती आपल्या मनाने थांबवू नका. दोन्ही डॉक्टरांकडे एकमेकांचं प्रिस्क्रिप्शन असलं पाहिजे. हे काम कुणी आपणहून करत नाही, फाइल आपल्यालाच न्यावी लागते.

पायरी ४ : रोज दोन ओळी लिहा

वही, मोबाइल, कॅलेंडर, काहीही चालेल. किती तास झोप झाली, मूडला १० पैकी किती, चिडचिड झाली का, गोळी किंवा इंजेक्शन कधी. बास. निबंध लिहू नका, तीन दिवसांत कंटाळाल.

मी लिहायला लागलो तेव्हा पाचव्या आठवड्यात दिसलं की इंजेक्शननंतरचे दोन दिवस मी २ वर असतो आणि सहाव्या दिवशी ६ वर. मग इंजेक्शनचा वार बदलून घेतला, सुट्टीच्या आदल्या रात्री, म्हणजे ते दोन दिवस घरीच जायचे आणि ऑफिसात कुणावर खेकसायची वेळ यायची नाही. आणि घरात सांगून ठेवलं, या दोन दिवसांत मी काही बोललो तर मनाला लावून घ्यायचं नाही, आणि कुठलाही मोठा निर्णय माझ्याकडून घ्यायचा नाही. साधा उपाय, पण वार कळल्याशिवाय सुचला नसता.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ भरा. डिप्रेशन तपासायचा नऊ प्रश्नांचा कागद आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, एकूण ० ते २७ मार्क, १० किंवा वर गेले की डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पण इथे एक मेख आहे. थकवा, झोप, भूक यावर प्रश्न आहेत आणि ते तर हेपॅटायटिसमध्ये तसेही वाढतात, त्यामुळे मार्क फुगलेले दिसू शकतात. म्हणून पहिले दोन प्रश्न जरा जास्त जपून वाचा, कशात रस वाटत नाही का आणि उदास हताश वाटतं का. थकलेल्या माणसाला आवडीची गोष्ट करावीशी वाटते पण जमत नाही, डिप्रेशनमध्ये ती करावीशीच वाटत नाही. नेहमीच इतकं स्वच्छ नसतं, पण मला या फरकाचा खूप उपयोग झाला. आणि नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असं वाटतं का, त्याला शून्याशिवाय दुसरं काहीही उत्तर आलं तर एकूण मार्क बघत बसायचं नाही. सरळ पायरी ७ वर जा.

पायरी ५ : डॉक्टरांसमोर "ठीक आहे" म्हणायचं नाही

बाहेर तीस लोक बसलेत, डॉक्टर घाईत, आपण आत जाऊन म्हणतो ठीक आहे. आणि "बरं वाटत नाही" म्हटलं तर ते लिव्हरच तपासणार, त्यांचं काय चुकलं. म्हणून वाक्य तयार करून जा. उदाहरणार्थ, "डॉक्टर, गेले तीन आठवडे रोज पहाटे चारला जाग येते, नंतर झोप नाही, मुलांवर विनाकारण ओरडतोय, आधी असं नव्हतं, इंजेक्शन सुरू झाल्यापासून आहे, हे औषधाने असेल का?" किती दिवस, नेमकं काय, कधीपासून. वही पुढे सरकवा. बोलायला जड जात असेल तर घरच्या माणसाला बोलू द्या, खरं तर चिडचिड आपल्यापेक्षा त्यांनाच आधी दिसते.

डिप्रेशनची गोळी सुचवली तर लगेच नाही म्हणू नका. "आधीच लिव्हर खराब, त्यात अजून गोळी" हा विचार माझ्याही डोक्यात होता. लिव्हरच्या पेशंटला चालतील अशी औषधं आहेत, डोस कमी ठेवून देतात, आणि इंटरफेरॉनमुळे आलेल्या डिप्रेशनमध्ये ती लागू पडतात. काही मात्र टाळतात, ड्युलोक्सेटिन हे त्यातलं एक. म्हणूनच सायकियाट्रिस्टला पहिल्या मिनिटाला सांगायचं की मला हेपॅटायटिस आहे, सिऱ्होसिस आहे की नाही, प्लेटलेट कमी आहेत का, अन्ननलिकेतल्या नसा फुगल्यात असं एंडोस्कोपीत आलंय का, कारण यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते. असर दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आठव्या दिवशी काही फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. काउन्सेलिंगही जोडीला असेल तर उत्तमच, तिथे लिव्हरला काही त्रास नाही.

पायरी ६ : घरात आणि बाहेर कुणाला काय सांगायचं

हा भाग मला सगळ्यात अवघड गेला. पहिला प्रश्न येतो, "तुला कुठून झाला?" आणि त्यात एक संशय असतो, बोलला नाही तरी. उत्तर बहुतेकांना माहीतच नसतं. जुनं रक्त चढवलेलं, कुठलीतरी सुई, बी असेल तर जन्माच्या वेळी आईकडून. सी चा व्हायरस ओळखला गेला तोच १९८९ मध्ये, त्याआधी रक्तात तो तपासायची सोयच नव्हती. त्यामुळे स्वतःची चौकशी करणं बंद करा, त्यातून काही निघत नाही.

जवळच्यांना भीती असते ती लागण होण्याची, आणि भीतीवर माहितीच चालते. बी आणि सी एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका खोलीत झोपल्याने पसरत नाहीत. भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितोय कारण कुणी आपला ग्लास बाजूला काढून ठेवलेला दिसला ना की त्या दिवशी कुठलंही औषध कामाला येत नाही. रेझर, टूथब्रश, नेलकटर, सुई, एवढं मात्र आपलं आपल्याकडे. बी असेल तर जोडीदाराची आणि घरच्यांची तपासणी करून घ्या आणि ज्यांना नाही त्यांना लस, होणाऱ्या बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस. सी ला लस नाही पण तो गोळ्यांनी बरा होतो. हे सगळं तुम्ही सांगण्यापेक्षा एका व्हिजिटला घरच्याला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, आपल्या शंभर वाक्यांपेक्षा त्यांचं एक पुरतं.

बाकी जगाला सांगायलाच हवं असं काही नाही. ऑफिसात "लिव्हरची ट्रीटमेंट चालू आहे, तीन महिने थकवा राहील" एवढं बास. एक तरी माणूस मात्र असा हवा ज्याला सगळं माहीत आहे, ज्याला रात्री फोन करता येईल.

रोजच्या दिवसाबद्दल फार सांगत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं असतं. थोडं चाला, उठायची वेळ एकच ठेवा, जास्त ताकदीची कामं सकाळी उरका. दारू नाही, थोडीसुद्धा नाही, मन हलकं करायला तर अजिबात नाही, ती लिव्हर आणि मूड दोन्हीकडून घाव घालते. सोडता येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, रोज पिणाऱ्याने एकदम आपल्या मनाने बंद करणंही धोक्याचं असतं.

पायरी ७ : थांबायचं नाही अशा गोष्टी

जीव द्यायचे विचार, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावीशी वाटणं, काहीतरी ऐकू येणं, दोन दोन रात्री झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर, किंवा वर सांगितलेला गोंधळ आणि हाताची फडफड. यातलं काहीही असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, इमर्जन्सीला जा, एकटे जाऊ नका, आणि तोपर्यंत घरातल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. घरच्यांनी विचारायला घाबरू नये. "मरावंसं वाटतंय का" असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. इंटरफेरॉन थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण थांबवल्यावरही लगेच सगळं निवळतं असं नाही, पुढचे सहा महिने लक्ष ठेवावं लागतं. बी च्या गोळ्या मात्र निराशेच्या भरात फेकून देऊ नका, त्या अचानक बंद केल्या तर व्हायरस उसळून लिव्हरला मोठा झटका बसू शकतो.

पायरी ८ : संपल्यानंतरचं

माझी इंटरफेरॉनची ट्रीटमेंट ४८ आठवडे चालली आणि संपल्यावर व्हायरस परत आला. ते दिवस लिहिण्यासारखे नाहीत. काही वर्षांनी गोळ्या आल्या, १२ आठवड्यांत काम झालं, आणि मग एक विचित्र गोष्ट झाली, आनंदच होईना. रिकामं वाटायला लागलं, इतकी वर्षं ज्याच्याशी झुंजत होतो तोच नाही. हे बऱ्याच जणांना होतं असं नंतर बोलताना कळलं. थकवाही लगेच जात नाही, कुणाचा काही महिन्यांत जातो, कुणाचा थोडा राहतो, तेव्हा "आता तर बरा झालास ना" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

सी मध्ये शेवटची गोळी घेतल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए टेस्ट (रक्तात व्हायरस आहे का बघणारी) करतात, ती निगेटिव्ह आली की बरे झालात. मधले ते तीन महिने सगळ्यात लांब असतात, त्या काळात वही चालू ठेवा. सिऱ्होसिस असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी राहते, आणि त्या तारखेच्या आधीचा आठवडा पोटात गोळा येतोच, माझ्या ओळखीतले जुने पेशंटही हेच सांगतात. त्या आठवड्यात फार कामं अंगावर घेऊ नका.

आणि हे आधीच माहीत असू द्या, बरं झाल्यावरही सी ची अँटीबॉडी टेस्ट (शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली प्रथिनं शोधणारी) सहसा आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. तो जुना शिक्का आहे, व्हायरस नव्हे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, एका साध्या ऑपरेशनच्या आधी लॅबच्या कागदावर पॉझिटिव्ह शब्द दिसला आणि मी पार्किंगमध्ये अर्धा तास गाडीत बसून राहिलो, हात थरथरत होते. आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट घरी कपाटात होता. आता त्याचा फोटो मोबाइलमध्ये आहे, आणि बायकोच्याही.